लाल झाकणाचा डबा

धार, १४ जुलै २०२४

चि. सौ. विनीता,
जयवंतीचे आशीर्वाद.

परवा धीरज येऊन गेला. पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि निघताना उंबऱ्यात उभं राहून काहीतरी पुटपुटला. माझे कान आता कुड्या घालण्यापुरतेच उरलेत हे त्याला ठाऊक आहे, तरी पुटपुटतो. शेवटी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून दाखवला आणि "कोमल" म्हणाला. आई गेली तेव्हा हा एवढासा होता, मीच वाढवलाय त्याला. चेहरा बघूनच कळलं की गोष्ट साधी नाही. पण नक्की काय ते तू लिही. फोन करू नकोस. फोनवर तुम्ही सगळे माशासारखी तोंडं हलवता आणि मी उगाच हो हो म्हणत बसते.

माझ्या मते चाई पडली असेल. लहानपणी आमच्या शेजारच्या वासंतीला पडली होती, रुपयाएवढी जागा अगदी गुळगुळीत. केसांना कीड लागते. जास्वंदीचं तेल पाठवते, ते चोळ. आणि ते शाम्पू आधी फेकून दे. पंधरा वर्षांच्या पोरीला न्हाणीघरात इतक्या बाटल्या लागतात कशाला?

तिचे केस माझ्या आईवर गेलेत. मागच्या रंगपंचमीला रंग काढायला मीच बसले होते तिच्यामागे, दोन्ही हातांत मावत नव्हते. म्हणून जीव घाबरा झालाय. लगेच लिही.

तुझी
वन्सं


देवास, ३ ऑगस्ट २०२४

ती. वन्सं,
विनीताचा नमस्कार.

उशीर झाला, रागावू नका. माझं मराठी तुमच्यासारखं पक्कं नाही. बाबा कंपनीच्या नोकरीसाठी इथे आले आणि आम्ही भावंडं हिंदी शाळेत शिकलो. त्यात हे सगळं कोणत्या शब्दांत लिहायचं, तेच सुचत नव्हतं.

तुम्ही म्हणता तशीच सुरुवात झाली, कानामागे रुपयाएवढी. मग दुसरी जागा, मग दोन्ही मिळून एक. आता अर्ध्याहून जास्त डोकं गेलंय. केर काढताना रोज केसांचा गुंतवळ निघतो आणि मी तो तिच्या नजरेला पडायच्या आत उचलते. ट्यूशनला धीरज स्कूटीवर सोडतो, तर उतरल्यावरही ती हेल्मेट काढत नाही. तशीच दारापर्यंत चालत जाते.

इंदूरच्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. कीड नाही, शाम्पू नाही, तेल नाही, असं ते म्हणाले. ऐकून आधी मला बरंच वाटलं, माझ्या हातून काही चुकलं नाही म्हणून. मग पुढचं सांगितलं. तिचंच अंग तिच्या केसांवर उठलंय.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, तसंच लिहिते. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, रोगजंतूंना मारणाऱ्या. एरवी केसाचं मूळ त्यांच्या नजरेआड असतं, पडद्यात ठेवल्यासारखं. कोमलचा तो पडदा सरकला. का, ते सांगता येत नाही. आता त्या पेशींना मूळ दिसतं आणि ते परकं वाटतं. एक पेशी दुसरीला हाक मारते, ती तिसरीला, आणि मोहोळ उठावं तशा सगळ्या मुळाभोवती गोळा होतात. मूळ मरत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. ते केस सोडून देतं आणि गप्प बसून राहतं.

कोमल म्हणाली, "सर, उनको कोई समझाता क्यों नहीं कि ये मेरे ही बाल हैं?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "बेटा, वो तो अपनी तरफ़ से रखवाली ही कर रहे हैं।"

डोक्यात इंजेक्शनं दिली. टोचताना तिनं माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. पण आता जागा फार मोठी झालीय, इंजेक्शनं पुरणार नाहीत. त्यांना गोळ्या सुरू करायच्या आहेत. त्या पेशींच्या हाका एकमेकींपर्यंत पोचू देत नाहीत अशा गोळ्या. त्यानं अंगाची प्रतिकारशक्ती थोडी कमी होते, म्हणून आधी रक्ताच्या तपासण्या चालल्या आहेत.

तेल मिळालं. धीरजनं बाटली हुंगली आणि देवघरात नेऊन ठेवली. बहुतेक तुमची आठवण झाली असेल.

तुमची
विनीता


धार, २५ ऑगस्ट २०२४

चि. सौ. विनीता,
आशीर्वाद.

हाका ऐकू येऊ न देणारं औषध मला न मागता मिळालंय, हे डॉक्टरांना सांग. थट्टा इथेच संपली.

प्रतिकारशक्ती कमी करायची? पोरीची? हे तुला लिहवलं तरी कसं?

हा शब्द मला नवा नाही. कोरोनात हे गेले तेव्हा दवाखान्याच्या दारातून एका मुलानं मला तो सांगितला होता. नखशिखांत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मुलगा. तेव्हा मला ऐकू यायचं. "अम्मा, इम्युनिटी कम पड़ गई," असं म्हणाला. बस, एवढंच. त्याच आठवड्यात मीही तापानं फणफणले होते. अंगणातल्या कडुनिंबावरच्या गुळवेलीचा काढा प्यायले आणि उठून बसले. ह्यांना कडू नको असायचं. कप खिडकीतून ओतायचे आणि लहान मुलासारखे हसायचे. शक्ती कमी पडली म्हणजे काय होतं, ते मी माझ्या घरात पाहिलंय.

केस आज नाही उद्या येतील. नाहीच आले तर नाही आले. पण केसांपायी पोरीच्या अंगातले पहारेकरी झोपवायचे आणि दार सताड उघडं टाकायचं, हा कुठला शहाणपणा? मला तर उलटंच वाटतं. तिची शक्तीच कमी झालीय, म्हणून केस टिकत नाहीत. शक्ती वाढव. गुळवेल इथे भरपूर आहे, पाठवते.

गोळ्या देऊ नकोस. मोठी म्हणून सांगत नाही, हात जोडून सांगते.

वन्सं


देवास, १५ सप्टेंबर २०२४

ती. वन्सं,
नमस्कार.

भाऊजींचं आठवून धीरजनं पत्र दोनदा वाचलं. तुमची भीती कळते मला. मलाही भीती वाटते. पण कोमलच्या भुवया जायला लागल्या आहेत. काल काजळाच्या पेन्सिलीनं भुवया काढून शाळेत गेली. घामानं एक पुसली गेली आणि घरी येईपर्यंत तिला पत्ताच नव्हता. त्या संध्याकाळी ती जेवली नाही आणि मी गोळ्यांना होकार दिला.

तिची शक्ती कमी नाही वन्सं, नको तिथे जास्त चाललीय. उलटं वाटतं, पण तसंच आहे. शक्ती वाढवणारं काहीही देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. काढा नाही, चूर्ण नाही. गुळवेल तर नाहीच. कृपा करून पाठवू नका.

हे पत्र उद्धट वाटलं तर माफ करा.

विनीता


धार, २६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. विनीता,
दिवाळीचे आशीर्वाद.

बरं. तुमची मुलगी, तुम्ही ठरवायचं. मी आता गप्प.

अशोकभिया इंदूरला मुलाकडे चाललाय, तिथून देवासला फराळ पोचवतो म्हणाला. शेजारी असावा तर असा. चकल्या मोडल्या तर त्याला बोलू नकोस, बसमध्ये तो सगळ्यांना जागा देतो आणि स्वतः डब्यावर बसतो. अनारसे धीरजसाठी. भाऊबीजेला या म्हणत नाही, पोरीला प्रवास नको.

लाल झाकणाचा डबा मात्र फक्त कोमलचा. डिंकाचे लाडू आहेत, मेथी जरा जास्त पडलीय, कडसर लागतील. रोज सकाळी एक, उपाशीपोटी. तुम्ही कोणी त्याला हात लावू नका. आत्या आणि भाचीचं असतं काहीतरी वेगळं.

वन्सं


देवास, १७ जानेवारी २०२५

ती. वन्सं,
साष्टांग नमस्कार, आज अगदी खराखुरा.

केस येताहेत! आधी कापसासारखी पांढरी लव आली. मला वाटलं खोबऱ्याचा कीस चिकटलाय, म्हणून पुसायला गेले तर ती ओरडली, "मम्मी, मत छुओ!" आता काळे येताहेत. उजवी भुवई जवळजवळ पूर्ण आलीय, डावी अजून रेंगाळतेय. मागच्या सोमवारी तिनं स्वतःहून हेल्मेट हातात घेतलं आणि ट्यूशनच्या फाटकातून तशीच आत गेली. धीरज स्कूटी वळवायचंच विसरला. मागून हॉर्न वाजायला लागले, तेव्हा निघाला.

मी टेकडीवर जाऊन देवीची ओटी भरून आले. एवढी वर चढले, पण पाय दुखले नाहीत.

तुम्ही तेव्हा रागावला होतात, तरी लाडू पाठवलेत. कोमल एक दिवस चुकवत नाही. डबा संपत आलाय आणि "आत्याला सांग" म्हणून रोज माझ्यामागे भुणभुण चाललीय. थंडी आहे तोवर आणखी पाठवाल का?

तुमची
विनीता


देवास, ९ एप्रिल २०२५

ती. वन्सं,
नमस्कार.

दुसरा डबा पोचल्याचं कळवायचं राहून गेलं. त्याला आता दोन महिने होऊन गेले असतील. लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं.

होळीच्या सुमारास कोमलची जेवणावरची वासना उडाली. परीक्षेचा ताण असेल, असं मला वाटलं. मग डोळे पिवळे दिसायला लागले. रक्त तपासलं तर यकृताचे आकडे कितीतरी पटींनी वाढलेले. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळ्या थांबवल्या. पाच दिवस दवाखान्यात ठेवलं. आता घरी आहे, डोळ्यांचा पिवळेपणा गेलाय, भात-वरण खाते. जिवावरचं टळलं, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते.

पण त्या पेशींना तेवढी फटच पुरली. गोळ्या थांबल्या आणि केस जायला लागले. पहिल्यापेक्षा भराभर. आता काहीच नाही वन्सं. भुवया नाहीत, पापण्याही नाहीत. डोळ्यांत धूळ जाते म्हणून सारखी डोळे चोळते, आणि येणारे-जाणारे विचारतात की रडतेस का.

डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून विचारलं, "काढ़ा, चूर्ण, कुछ देसी दिया क्या?" मी लेकीची शपथ घेऊन सांगितलं, "काही नाही." माझ्या घरात एक पुडीसुद्धा आलेली नाही. मग ते म्हणाले, गोळीनंच झालं असेल, आता ती पुन्हा द्यायला धजत नाही.

देवाला काय मागायचं, तेही आता कळत नाही. तिच्या अंगातली शक्ती वाढू दे म्हणू, की कमी होऊ दे म्हणू?

विनीता


धार, १८ एप्रिल २०२५

चि. सौ. विनीता,
आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि आधी देवापुढे दिवा लावला. पोरगी वाचली, बाकी सगळं मागाहून. त्या गोळ्या बंद झाल्या हे फार चांगलं झालं, मी पहिल्यापासून कानीकपाळी ओरडत होते.

आता तुला एक सांगते, म्हणजे तुझ्या जिवाला धीर येईल. तुम्ही तिची शक्ती काढून घेत होतात, तेव्हा मी इकडून ती घालत होते. लाल झाकणाच्या डब्यात दिवाळीपासून गुळवेल होती. वाळवून, वस्त्रगाळ करून, लाडवामागे चमचाभर. मेथीचं नाव सांगितलं, नाहीतर तू हातच लावू दिला नसतास. एवढ्या आजारातून पोर उठली ती कशाच्या जोरावर? पांढरी लव आली ती कशानं? विचार कर.

आता लपवाछपवी नको. अशोकभियाबरोबर तिसरा डबा पाठवते आहे. या वेळी दुप्पट घातलीय. सकाळ-संध्याकाळ दे. बघ, पावसाळ्यापर्यंत वेणी घालशील.

रागावलीस तरी चालेल. पोरगी माझीही आहे.

वन्सं


देवास, ११ मे २०२५

वन्सं,

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली. त्यांत मी जे लिहिलं होतं ते घरातल्या मोठ्या माणसाला कोणी लिहीत नाही.

मी लेकीची शपथ घेतली होती. डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून तिची शपथ घेतली, आणि माझ्या ओट्यावर डबा होता. मीच मागवला होता तो.

तिसरा डबा मी डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी लाडू फोडून हुंगला. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, गुळवेलीनं झालं असेल, गोळीनं झालं असेल, दोन्ही मिळून झालं असेल. आता सांगायचा मार्ग नाही. गुळवेल नसती तर गोळी चालू राहिली असती का? माहीत नाही. पुन्हा देता येईल का? थोडे महिने थांबून बघू. पुन्हा दिली तर केस येतील का? येतीलही. मी विचारत होते आणि ते खोटं बोलत नव्हते.

धीरजनं तुमचं पत्र वाचलं, घडी घातली आणि कामावर निघून गेला. तेव्हापासून त्यानं तुमचं नाव घेतलेलं नाही. तुम्ही त्याला आईसारखं वाढवलंत, म्हणून शिव्याही देता येत नाहीत त्याला. रात्रपाळ्या मागून घेतो.

मला तुमचा राग येतो. फार येतो. आणि मग तुम्ही एकट्या अंगणात बसून वस्त्रगाळ करताहात असं डोळ्यांसमोर येतं, तेव्हा त्या रागाचं काय करायचं ते कळत नाही. सध्या काही पाठवू नका. पत्रही नको.

विनीता


देवास, १५ जून २०२५

प्यारी आत्या,

ही माझी पहिली मराठी चिट्ठी आहे. गलती असेल तर हसू नको. मम्मीला विचारून लिहिते आहे. ती हो नाही म्हणाली, नाही पण नाही म्हणाली.

मला एक बोलायचं आहे. लाडूमध्ये काय आहे ते मला पहिल्या दिवशीच समजलं होतं. कोरोनाच्या नंतर सुट्टीत तुझ्याकडे आले होते तेव्हा तू रोज तोच काढा पाजायची. ती कडू चव मी कशी विसरणार? मेथी अशी नाही लागत. मी कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं डॉक्टर गोळी देतात, आत्या लाडू देते, दोन्ही खाल्लं तर दुगुना फायदा. जल्दी होती ना मला. दसवीच्या आधी केस पाहिजे होते. तर गलती तुझी एकटीची नाही. पप्पांना पण मी हे सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला, जैसे गरम असेल.

घरात सगळे कोणावर तरी गुस्सा आहेत. मी कोणावर करू? त्या पेशींवर पण करता येत नाही. डॉक्टर म्हणाले, त्या नसत्या तर साध्या सर्दीनं पण मी मेले असते. उन्हीं की वजह से ज़िंदा हूँ.

मी आता हेल्मेट नाही घालत ट्यूशनमध्ये. हिम्मत आली म्हणून नाही. गरमी फार आहे, म्हणून.

आत्या, तू येशील? डोक्याला तेल लावून दे. पंखा लागला की डोक्याला कसंतरी होतं आणि तेलानं बरं वाटतं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, लगा लो, फ़ायदा नहीं है, नुकसान भी नहीं. मम्मी लावते, पण तिचे आँसू पडतात.

तुझी
कोमल


धार, २ ऑगस्ट २०२५

चि. कोमल,
आत्याचे खूप आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी आली त्याला महिना होऊन गेला. उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे. तुझ्या गलतीला मी हसले नाही. हसायला येत नाही हल्ली.

तू गलती वाटून घेतलीस, ती मी घेऊ देणार नाही. तू पोर आहेस. तुझ्या आईनं साफ शब्दांत नको लिहिलं होतं आणि मला तिच्यापेक्षा जास्त कळतं असं वाटलं. ह्यांच्या वेळी मला काही करता आलं नाही, म्हणून तुझ्या वेळी जे हाताशी होतं ते केलं. आता वाटतं, तेव्हा काही करता आलं नाही तेच बरं होतं का. 

चिठ्ठी वाचली त्याच दिवशी अंगणातली गुळवेल बुंध्यातून कापली. अशोकभिया भिंतीवरून बघत होता. मला ऐकू यावं म्हणून ओरडून म्हणाला, "अम्मा, गिलोय है, काटने से नहीं मरती!" मला वाटलं उगाच बोलतोय. पण कडुनिंबावरचा वेल अजून तसाच हिरवागार आहे. वरून दोऱ्यासारखी मुळं खाली सोडलीत, हवेत लोंबत जमीन शोधतात. मी रोज सकाळी तोडते, थोड्या दिवसांनी पुन्हा उतरतात. तुझ्या डोक्यावर हवं ते येत नाही आणि माझ्या अंगणात नको ते थांबत नाही. झाडाखाली उभी राहून परवा मोठमोठ्यानं रडले. किती मोठ्यानं ते मला कळत नाही, पण अशोकभिया धावत आला.

राखी सोबत आहे. बांधायची की नाही, ते धीरज ठरवेल. तू आग्रह करू नकोस.

तुझ्या डोक्यावर हात ठेवायची मला भीती वाटते. तरी येते. तुझ्या आईला विचार, आणि ती हो म्हणाली तरच येते. डबा आणणार नाही. खोबरेल तेल आणते, दुकानातलं, साधं. बाटली सीलबंद असेल. तुझ्या आईसमोर तूच उघड.

तुझी
आत्या